शिक्का सापडत नाही

सांगलीतल्या त्या जुन्या शिक्षण मंडळात कार्यवाहांच्या खोलीला दोन दारं होती. एक सागवानी आणि दुसरं मगदूमबाई. सागवानी दार ढकललं की उघडायचं. मगदूमबाईंना ढकलून आजवर कोणी आत गेलेलं नव्हतं.

पद्मावती नेमगोंडा मगदूम. माहेर समडोळी. कागदावरचा हुद्दा ‘लघुलेखक नि स्वीय सहायक’, तोंडी नुसत्या ‘बाई’. एकतीस वर्षांत त्यांची खुर्ची तीनदा बदलली, टाइपरायटर जाऊन संगणक आला, पण जागा तीच राहिली. दाराच्या डाव्या अंगाला, खिडकीखाली, जिथून माणसाचा आत जातानाचा चेहरा दिसतो आणि बाहेर येतानाचाही. त्या दोन चेहऱ्यांची वजाबाकी केली की मंडळात काय चाललंय ते त्यांना कळायचं. इतिवृत्तं नंतर टाईप व्हायची.

मंडळाच्या शाळा लोणंदपासून पलूसपर्यंत पसरलेल्या. तिथली मुख्याध्यापक मंडळी कामं घेऊन यायची. काही जण बाईंच्या डोक्यावरून दाराकडे बघत ‘साहेब आहेत का?’ असं विचारायचे. अशांच्या नशिबी साहेब सहसा नसायचे. काही जण साताऱ्याहून कंदी पेढे आणायचे, मुलगा काय करतो, गुडघे काय म्हणतात अशी पाऊण तास चौकशी करायचे आणि जाता जाता दारात उभं राहून खरं काम सांगायचे. बाई बाहेरचं काही खात नसत, त्यामुळे ते पेढे कार्यालयभर वाटायचं आणखी एक काम त्यांच्या अंगावर पडायचं. त्यांचं पत्र त्या दिवशी मागं राहायचं ते पेढ्यांमुळेच, पण हे कोणाला सांगणार?

आणि एक होती विजयमाला. पलूसच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. ती आली की पिशवी खाली ठेवायच्या आतच बोलायला लागायची, “पदमे, दोन मिन्टं. हा कागद, हितं सही पायजे, शुक्रवारपतुर मिळाली तरी चालंल. आणि तुझं नाक का लाल झालंय?” काय हवं, कशासाठी हवं, कधीपर्यंत हवं, सगळं एका दमात. मग नाकाची चौकशी. बाईंच्या मते मंडळातल्या सगळ्या पदवीधरांत कामाची एवढी अक्कल दुसऱ्या कोणाला नव्हती, आणि विजयमाला तर बारावी.

दोघी एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या. पस्तीस वर्षांपूर्वी सांगलीत एकाच बाकावर बसून लघुलिपी गिरवली. विजयमालेला त्या वेलांट्या कधी जमल्या नाहीत. स्वतः लिहिलेलं तिला स्वतःलाच वाचता येत नसे. ती परीक्षेत आपटली, लग्न होऊन विट्याला गेली, लवकर विधवा झाली आणि मंडळाच्या वसतिगृहात लागली. एकुलता मुलगा विट्याच्या रीतीप्रमाणे सोनं गाळायच्या धंद्यात लांब कोइमतूरला. तो दर दिवाळीला म्हणायचा, आई, आता पुरे, इकडे ये. ही म्हणायची, माझ्या साठ पोरी सोडून तिथं काय तुझ्या भट्टीकडं बघत बसू?

तर मुख्य गोष्ट शिक्क्याची.

एकोणीस वर्षं कार्यवाह होते वाईचे विष्णुपंत. माणूस सोन्यासारखा, फक्त दुपारचा चहा झाला की तापायचे. साडेचारच्या सुमारास कोणाचं तरी पत्र वाचायचे, कान लाल व्हायचे, आणि “बाई, घ्या लिहून” अशी हाक यायची. मग ती पत्रं अशी, की ज्याला जाईल त्यानं एक तर राजीनामा द्यावा नाही तर कोर्टात जावं.

बाई त्यांच्याकडे पहिल्या वर्षात होत्या तेव्हाची गोष्ट. डिसेंबर महिना. सव्वापाचला विष्णुपंतांनी एक जळजळीत पत्र सांगितलं, एका संस्कृतच्या शिक्षकाला बडतर्फ करणारं. बाईंनी ते लघुलिपीत उतरवून घेतलं आणि वही मिटली. मगदुमांचं घर जैन, तिथं दिवस मावळल्यावर ताट वाढत नाहीत. सूर्य गेला की चूल बंद, मग सकाळपर्यंत उपास. त्यांनी खाली बघत सांगितलं, की घरी जायला हवं, उद्या सकाळी पहिलं हेच टाईप करते. विष्णुपंत धुमसले, पण कोणाच्या धर्माआड कसं यायचं? सकाळी बाईंनी पत्र पुढं ठेवलं. विष्णुपंतांनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं, आणि विचारलं, हे मी सांगितलं? मग चार तुकडे केले. तो संस्कृतचा शिक्षक पुढं अकरा वर्षं मंडळात टिकला आणि निरोपसमारंभात विष्णुपंतांवर त्यानं श्लोक रचला.

तेव्हापासून रीत पडली. पण उन्हाळ्यात सूर्य सातपर्यंत मावळत नाही, तिथं धर्म कामाला येईना. मग शिक्का आला. मंडळाचा गोल शिक्का उमटल्याशिवाय पत्र बाहेर जात नसे, आणि नेमका तापलेल्या पत्राच्या दिवशी तो सापडत नसे. बाईंनी नुसतं कोंडीबाकडे बघायचं. कोंडीबा म्हणजे शिपाई. तो शिक्का उचलून चहाच्या कपाटात साखरेच्या डब्यामागं ठेवून द्यायचा. सकाळी विष्णुपंत छत्री टेकवता टेकवता विचारायचे, “बाई, ते पत्र गेलं का हो?” त्या विचारण्यात एक आर्जव असायचं. बाई म्हणायच्या, “शिक्का सापडत नाही, सर.” विष्णुपंत म्हणायचे, “असू द्या, असू द्या. काय घाई आहे?” आणि खोलीत जाऊन हळूच खाकरायचे. एकोणीस वर्षांत दोघांपैकी कोणी यावर एक शब्द बोललं नाही. एकमेकांना असं सांभाळून घेणारी नवरा-बायकोची जोडीसुद्धा विरळाच.

विष्णुपंत निवृत्त झाले तेव्हा रीतसर चार्ज दिला. बाईंनीच यादी टाईप केली. कपाटं चार, किल्ल्यांचे जुडगे सहा, गोल शिक्का एक, लांबट शिक्के दोन, भिंतीवरचं घड्याळ एक, पाच मिनिटं मागे. सगळं लिहिलं. हे मात्र लिहिलं नाही. लिहिणार तरी काय? आणि विष्णुपंत नव्या माणसाला तोंडानं सांगतील असं बाईंना वाटलं, बाई सांगतील असं विष्णुपंतांना वाटलं. ते वाईला निघून गेले.

नवे कार्यवाह देवदत्त राजोपाध्ये साताऱ्याचे. तिथल्या एका कारखान्यात पंधरा वर्षं माणसांचं खातं सांभाळलेलं. वय पंचेचाळीस, चालणं भराभर, बोलणं नम्र. बाईंना ‘मॅडम’ म्हणायचे, त्यांच्यासाठी उठून दार धरायचे. मंडळात पहिल्यांदाच बाईंसाठी कोणी दार धरलं, आणि त्यांना उगाचच वाटलं की आपण आता दार उरलो नाही. राजोपाध्यांनी आल्या आल्या डिजिटल सही आणली. एक चिमुकली पट्टी संगणकाला खोचायची, सही उमटली, मेल गेली. शिक्क्याची गरज संपली. पण मराठी टायपिंगला त्यांचा हात बसला नव्हता, म्हणून पत्र मात्र अजून बाईंनाच सांगायचे. आणि तापायचे तेही. त्यांचे कान लाल होत नसत, आवाज उलट जास्त नम्र होई. बाईंनी ते आठवड्यात ओळखलं.

ऑक्टोबरात असंच एक नम्र पत्र बाईंनी सवयीनं रात्रभर राहू दिलं. सकाळी राजोपाध्यांनी विचारलं तेव्हा तोंडातून सवयीनंच गेलं, शिक्का सापडत नाही, सर. राजोपाध्ये गोंधळले. शिक्का लागतोच कुठं? आणि सापडत नाही म्हणजे काय? त्यांनी कोंडीबाला हाक मारली, शिक्का शोधायला सांगितला. कोंडीबानं अर्ध्या मिनिटात आणून टेबलावर ठेवला आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, “साकरंच्या डब्यामागं व्हता, सायेब. तापल्यालं पत्र आसलं की तितंच ठिवतो आमी. तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?” आणि मग एकोणीस वर्षांचा इतिहास उभ्या उभ्या सांगून टाकला. त्याला वाटलं, साहेब खूश होतील.

राजोपाध्यांचा आवाज फार म्हणजे फारच नम्र झाला. त्यांनी बाईंना आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि म्हणाले, मॅडम, घ्या लिहून.

बाईंनी स्वतःला आलेला मेमो स्वतः लिहून घेतला. ‘आपणांस याद्वारे समज देण्यात येते की, कोणतेही पत्र अधोस्वाक्षरित यांच्या परवानगीशिवाय रोखून ठेवू नये.’ मध्ये राजोपाध्ये एका शब्दाला अडले तर बाईंनी शब्द सुचवला. बाहेर येऊन टाईप केला, समास सोडले, आणि खाली डाव्या कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे खूण घातली. देरा, तिरपी रेघ, पम. रेघेच्या आधी मजकूर सांगणारा, रेघेनंतर लिहिणारा. जावक क्रमांक घातला, प्रत फाइलला लावली आणि ‘मिळाला’ म्हणून पुन्हा आपलीच सही केली. एकतीस वर्षांतला पहिला मेमो, आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती. राजोपाध्ये थँक यू म्हणाले. मेमोची प्रत बाईंनी टेबलाच्या काचेखाली ठेवली, जिथं एरवी सुट्ट्यांची यादी असते. कोंडीबा दोन दिवस चहा घेऊन आला तरी मान वर करत नव्हता.

घरी नेमगोंडांना त्यांनी हे सांगितलं नाही. ते मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला. बायको मंडळ चालवते असं ते चारचौघांत सांगायचे. अशा माणसाला मेमो कसा दाखवायचा?

त्यानंतर बाई नियमानं वागू लागल्या. सांगितलं, लिहिलं, पाठवलं. बाहेर येणाऱ्यांचे चेहरे बघायचंही त्यांनी सोडलं.

डिसेंबरात पलूसचं प्रकरण आलं. वसतिगृहाच्या न्हाणीघरावर पाण्याची टाकी होती. तिच्या स्लॅबला भेग गेली होती आणि सिमेंटचे तुकडे खाली पडत होते. विजयमालेनं चार पत्रं लिहिली. चौथ्याला फोटो जोडले. उत्तर गेलं, बाब विचाराधीन आहे. तिनं मग न्हाणीघराच्या एका अंगाला दोरी बांधली, आणि रोज पहाटे स्वतः तिथं उभी राहून पोरींना दुसऱ्या अंगानं सोडायला लागली. पाचवं पत्र लिहिलं तेव्हा त्याची एक प्रत माहितीसाठी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला पाठवली.

त्या अधिकाऱ्याचा फोन राजोपाध्यांना चार वाजता आला. दार बंद होतं. बाईंना शब्द ऐकू आले नाहीत, पण ‘हो सर, हो सर’ ही लय लाकडातूनसुद्धा कळते. मग दार उघडून राजोपाध्ये स्वतः बाहेर आले आणि अगदी हळू म्हणाले, “मॅडम, जरा लिहून घेता का, प्लीज?”

पत्र छोटं होतं. श्रीमती विजयमाला अमुक तमुक यांनी मंडळाची बदनामी होईल असं वर्तन केल्याने त्यांना रेक्टर पदावरून तात्काळ मुक्त करण्यात येत आहे, उद्या सकाळी किल्ल्या लिपिकाच्या ताब्यात द्याव्यात. ‘तात्काळ’पाशी बाईंची पेन्सिल थांबली. राजोपाध्यांनी वर बघितलं.

“काय झालं?”

“काही नाही, सर. तात्काळच ना?”

“तात्काळच. झालं की पाठवून मगच जा.”

बाईंच्या गळ्याशी एक वाक्य आलं होतं. सर, सकाळी एकदा वाचून मग पाठवू या का? एवढंच. आठ-नऊ शब्द. मेमोनं रोखून ठेवायला मनाई केली होती, विचारायला नव्हती. पण त्या शब्दांच्या वाटेत आणखी काहीतरी बसलं होतं आणि ते हलत नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना समज दिली होती. घ्या म्हणावं आता. होऊ दे एकदा मनासारखं. बघू दे स्वतःच्या डोळ्यांनी. असं त्यांच्या मनात आलं, अगदी ह्याच शब्दांत आलं, आणि हे नंतर त्यांनी स्वतःपासून कधी लपवलं नाही.

राजोपाध्ये सहीची पट्टी बाईंकडे ठेवून सव्वापाचला गेले. बाई टाईप करत बसल्या. तीन ओळींचं पत्र, पण मध्ये प्रिंटर अडला, मग नेट अडलं. जसं काही ती यंत्रंसुद्धा विष्णुपंतांच्या वेळची होती. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून घड्याळावर. कोंडीबा झाडू टेकवून उभा राहिला.

“बाई, दिस बुडाय लागलाय. तुमचं जेवान ऱ्हाईल. जावा की, सकाळच्याला बघू.”

“पाठवून जायचं आहे.”

कोंडीबानं इकडे तिकडे बघितलं, आणि आवाज खाली घेऊन विचारलं, “शिक्का ठिवू का डब्यामागं?”

“शिक्का लागत नाही आता, कोंडीबा.”

सहा वाजून दोन मिनिटांनी पत्र गेलं. मेलवर गेलं, आणि खात्री म्हणून व्हॉट्सॲपवरही गेलं. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. बाई घरी पोचल्या तेव्हा नेमगोंडांनी जेवण उरकून भांडी झाकली होती. ते एवढंच म्हणाले, की आजवर कधी असं झालं नाही, काम मोठं होतं वाटतं. बाई पाणीसुद्धा न पिता आडव्या झाल्या.

सकाळी पावणेदहाला, म्हणजे नेहमीपेक्षा तासभर आधी, राजोपाध्ये आले. चालणं हळू होतं. ते खोलीत गेले नाहीत, बाईंच्या टेबलाशीच थांबले, काचेवर बोटं टेकवून. आणि म्हणाले, “मॅडम, ते पलूसचं पत्र गेलं का हो?”

बाईंनी वर बघितलं. हे आर्जव त्यांनी एकोणीस वर्षं ऐकलं होतं. माणूस वेगळा, वय वेगळं, आवाज मात्र तोच.

“गेलं, सर. सहा वाजून दोन मिनिटांनी.”

राजोपाध्ये खुर्ची ओढून समोर बसले. रात्री त्यांनी ते चौथ्या पत्राचे फोटो पहिल्यांदा उघडून बघितले होते. भेग हात जाईल एवढी होती. ते बाईंना ते सांगत राहिले आणि बाई ऐकत राहिल्या. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते म्हणाले, “सहा वाजता? पण तुम्ही तर साडेपाचला जाता ना, जेवणासाठी?”

“जाते.”

“मग काल...” त्यांची नजर काचेखालच्या मेमोवर गेली. “एकदा म्हणायचं होतंत, मॅडम.”

“म्हणायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. मेमोकडे बोट दाखवायची ती वेळ होती. ते दाखवलं असतं तर जिंकल्या असत्या. पण बोट उचललं नाही.

आदेश रद्द केल्याचं पत्र लगेच तयार झालं. त्यात राजोपाध्यांनी ‘मंडळ दिलगीर आहे’ असं सांगितलं, मग ते खोडून ‘मी दिलगीर आहे’ करायला लावलं. माणूस वाईट नव्हता. मेल करायला निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, मी हातानं नेते. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळात जागा सोडून त्या पलूसच्या एसटीत बसल्या. वाटेत विजयमालेला तीनदा फोन केला. तिनं उचलला नाही.

वसतिगृहाच्या खोलीत वळकटी बांधलेली होती. भिंतीवरचं कॅलेंडर काढलेलं, त्याच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन. किल्ल्या नऊ वाजताच लिपिकाकडे गेल्या होत्या. विजयमाला पत्र्याच्या ट्रंकेवर बसून मोसंबं सोलत होती. बाईंना बघून ती हसली आणि अर्धं मोसंबं पुढं केलं.

“ये पदमे. खा. दिस हाय आजून.”

बाईंनी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावून वाचलं, ओठ हलवत. वाचून झाल्यावर घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

“बरं लिवलंय,” ती म्हणाली. “पन आता उशीर झाला गं.”

बाई भराभर बोलू लागल्या. साहेबांना पश्चात्ताप झालाय, टाकीचा माणूस उद्याच येतोय, ते कालचं पत्र रागाच्या भरात सांगितलेलं, त्याला काही अर्थ नव्हता. विजयमालेनं त्यांना बोलू दिलं. मग बटव्यातून मोबाइल काढला, कालचं पत्र उघडलं आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हे बघ. देरा, रेघ, पम. रेघंच्या आल्याड कोन हाय ते मी कदी वाचलंच न्हाई. मी पल्याडचं वाचते. विष्णुपंतांनी मलाबी दोनदा काढलं व्हतं म्हनं, कोंडीबानं सांगितलेलं. तू धाडलंच न्हाईस. तवापासनं मला ठावं हाय, पदमीच्या हातनं पत्र आलं म्हंजी ते रातभर मुरून आलं. तिनं थांबवलं न्हाई म्हंजी ते खरं हाय.” तिनं मोबाइल मिटला. “रात्री पोराचा फोन आला. आई ये म्हनला. मी व्हय म्हनले. त्यानं उद्याचं तिकीट काढलं. रडत व्हता गं, खुशीनं. आता त्याला न्हाई कसं म्हनू?”

बाई म्हणाल्या, रात्रभर तरी विचार करायचास. थांबायचंस सकाळपर्यंत.

“मी कशाला थांबू?” विजयमाला म्हणाली, आणि यात टोमणा नव्हता, खरंच आश्चर्य होतं. “थांबायचं काम तुझं हाय, आसं मी धरून चालले.”

बाईंनी मग सगळं सांगितलं. मेमो, काच, ते गळ्याशी आलेलं वाक्य आणि त्याच्या वाटेत काय बसलं होतं ते. विजयमालेनं मोसंब्याची एकेक फोड खात ऐकलं. शेवटी ती म्हणाली, की राग तुलाबी येतो हे मला एवढ्या वर्सांत ठावं न्हवतं. तुझा राग कोन गं ठिवायचा डब्यामागं? मग उठून तिनं बाईंच्या पाठीवर हात ठेवला, आणि न्हाणीघराकडे घेऊन गेली. दोरी दाखवली. गाठ कशी मारलीय, पोरींना कुठल्या अंगानं सोडायचं, पहाटे किती वाजता उभं राहायचं, टाकी दुरुस्त होईपर्यंत लिपिकाला रोज कसं सांगायचं. काय हवं, कशासाठी, कधीपर्यंत. एका दमात. बाईंनी ते लघुलिपीत उतरवून घेतलं. नाकाची चौकशी मात्र तिनं केली नाही, लाल झालेलं असूनही.

परतीच्या एसटीत दिवस मावळला. दुसरा उपास.

टाकी आठ दिवसांत दुरुस्त झाली. नवी रेक्टर अश्लेषा नावाची चुणचुणीत मुलगी आहे. तिचे मेल वेळेवर येतात, मुद्द्यांना आकडे घातलेले असतात. कोइमतूरहून विजयमालेचे सणावाराला फुलांचे फोटो येतात, कोणी कोणाला पाठवलेले पुढं ढकललेले. एकदा बाईंनी लिहिलं, तिथं करमतं का? तिनं उत्तर धाडलं, भट्टीकडं बघत बसते.

राजोपाध्ये आता पत्र सांगून झालं की थोडे घुटमळतात आणि विचारतात, मॅडम, सकाळी बघू या? बाई म्हणतात, बघू. सकाळी बहुतेक पत्रं फाटतात. काम छान चाललंय. कोंडीबा म्हणतो, ह्यो सायेब लय सुदारला. मेमोची प्रत काचेखालून काढून टाका असं राजोपाध्ये दोनदा म्हणाले. बाईंनी ती तशीच ठेवली आहे.

मेअखेर बाई निवृत्त होतात. त्यांच्यानंतर ही जागा भरायची नाही असा ठराव झालाय. तो त्यांनीच टाईप केला, वेलांटीची चूक न करता. परवा दुपारी काम नव्हतं म्हणून त्यांनी आपल्या चार्जची यादी करायला घेतली. कपाट एक, संगणक एक, प्रिंटर एक, अडतो. लघुलिपीच्या वह्या, ज्या आता कोणाला वाचता येणार नाहीत. गोल शिक्का एक, जागा साखरेच्या डब्यामागं. मग थोडा वेळ थांबून त्यांनी आणखी एक ओळ टाईप केली: रागात सांगितलेलं पत्र सकाळपर्यंत ठेवावं, ठेवता येत नसेल तर निदान विचारावं, आणि आपल्यालाच राग आला असेल तर त्या दिवशी वेळेवर जेवायला घरी जावं.

खाली ‘चार्ज देणार’ लिहिलं, सही केली. ‘चार्ज घेणार’ लिहिलं आणि पुढची जागा कोरी राहिली.

डाव्या कोपऱ्यात खूण घालायची राहिली होती. बाईंनी तिरपी रेघ मारली, पल्याड पम घातलं. आल्याड कोणाची अक्षरं घालायची? हा मजकूर त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. कोंडीबा चहा घेऊन येऊन उभा होता, चहा निवत होता. बाईंनी आल्याडही पम घातलं. मग त्यांना वाटलं, पलूसच्या त्या पत्रावरसुद्धा असंच हवं होतं.